बाकावरचं पातेलं

कमलाबाई वानखडेंना सिंगापूर दाखवण्यात त्यांच्या मुलानं, रत्नदीपनं, काही कसर ठेवली नाही. पक्ष्यांची बाग झाली, समुद्राकाठचा तो पाणी ओकणारा सिंह झाला, मॉल तर किती झाले. बाईंनी सगळीकडे जाऊन "छान आहे बापा" म्हटलं आणि घरी येऊन पाय चेपत बसल्या. त्यांना या शहरातली एकच जागा आवडली होती. बेडोक भागातल्या त्यांच्या ब्लॉकखालचा सिमेंटचा बाक. आणि पुढे जे झालं त्यानं नेमकी तीच जागा त्यांच्या हातची गेली. ती परत मिळाली की नाही, एवढीच ही गोष्ट आहे.

ब्लॉक म्हणजे सरकारी इमारत. तळमजला मोकळा, नुसते खांब. त्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे म्हातारे पट मांडून बसतात, पोरं सायकली फिरवतात, लग्नाचे मांडव पडतात आणि मयताचेही पडतात. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण कमलाबाईंना ते कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मी पलीकडच्या ब्लॉकमध्ये मुलाकडे राहते. नागपूरच्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवला, आता सकाळी फिरायला जाते आणि लोकांना सल्ले देते. आमची ओळख आमच्या बौद्ध मंडळींच्या महिन्याच्या वंदनेत झाली. साल २००६.

बाई अकोल्याजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा शिवदास झेडपीच्या शाळेत शिपाई होता. त्या स्वतः अंगणवाडीत मदतनीस. जन्मभर मोठ्या पातेल्यातून पोरांच्या ताटल्यांत खिचडी वाढली. रत्नदीप त्यातूनच शिकला, इंजिनियर झाला, इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत लागला. त्याचं परदेश बघायला शिवदास राहिला नाही. बाईंनी येताना नवऱ्याच्या नावाचं एक स्टीलचं पातेलं मात्र सोबत आणलं, कडेवर टोचून लिहिलेलं: शिवदास तुकाराम वानखडे. विमानात बॅगेत कपडे कमी आणि पातेलं जास्त.

सून एकता म्हणाली होती, "आई, इथे पातेली मिळतात हो!"

"मिळत असतील. पण त्याईवर नाव नसते ना."

समोर माणूस आलं की त्याच्या हातात काहीतरी खायचं ठेवायचं, ही बाईंची सवय. बोलणं त्यानंतर, आणि बोलणं नसलं तरी त्यांचं अडत नसे. बाकावर एक चिनी म्हातारी येऊन बसायची. आखूड कापलेले पांढरे केस, फुलाफुलांचा ढगळ ब्लाऊज, एक हात कायम गुडघ्यावर. तिला हॉकिएन ही चिनी बोली येई, यांना वऱ्हाडी. दोघी सकाळी एकमेकींना गुडघे दाखवत. मग बाई पदराखालून डबी काढत. रव्याचा लाडू, शंकरपाळे, गूळपापडी, जे असेल ते. म्हातारी दोन्ही हातांनी घेई, रुमालात बांधी, खिशात ठेवी आणि खिशावर थोपटी. कधी बदल्यात संत्रं देई. मग दोघी समोरच्या रस्त्यावरच्या बसेस बघत बसत, जणू त्या बसेस त्यांच्याच मालकीच्या आहेत.

मी एकदा विचारलं, "कमलाबाई, मैत्रिणीचं नाव काय?"

"नाव कशाले लागते ताई? बाकावर ती अन् मी, दोघीच तर असतो."

मला ते पटलं नाही, पण मी गप्प बसले. मी क्वचित बसते.

मे महिन्यात बुद्धजयंती आली. इथे तिला वेसाक डे म्हणतात, सरकारी सुट्टी असते. आमचा कार्यक्रम संध्याकाळी, भाड्याच्या हॉलमध्ये. खीर कमलाबाईंकडे. सुजातेनं तथागतांना दिली ती खीर, त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे दुसरं काही गोड चालत नाही. बाईंनी पहाटे उठून दोन पातेली खीर केली. म्हातारी काही दिवसांपासून बाकावर आली नव्हती. "लेकीकडे गेली असंल," म्हणायच्या. त्या सकाळी खिडकीबाहेर काढायच्या काठीवर कपडे वाळत घालताना त्यांनी खाली वाकून पाहिलं, तर ब्लॉकखाली मांडव. पांढरे पडदे, गोल टेबलं, पंखे, पांढऱ्या सदऱ्यातली माणसं, आणि मधोमध बुद्धाचं मोठं चित्र.

आता मला सांगा, आमच्यातल्या बाईनं काय समजायचं? पांढरे कपडे आम्ही घालतो ते वंदनेला. पुढ्यात बुद्ध, चीवर घातलेले भिक्खू, सूत्रपठण, आणि दिवस बुद्धजयंतीचा! बाईंना वाटलं, आपल्या दारातच जयंतीचा मांडव पडला आणि आपण वर बसलो आहोत. एकता आंघोळीला गेली होती, रत्नदीप दुकानात. बाईंनी पांढरी साडी नेसली, शिवदासच्या नावाचं पातेलं उचललं, डाव घेतला, कागदी पेले घेतले. एका वाटीत जास्त चारोळ्या घालून मैत्रिणीचा वाटा वेगळा काढला. आणि लिफ्टनं खाली गेल्या.

तिथे जे जे दिसलं ते ते त्यांनी आपल्या परीनं बरोबर वाचलं. घरच्या माणसांच्या बाहीला कापडाचा छोटा चौकोन टाचलेला होता. सुतकाची खूण ती. बाईंना ते स्वयंसेवकांचे बिल्ले वाटले. एका म्हाताऱ्यानं त्यांच्या हातात लाल दोरा आणि एक गोड गोळी ठेवली. मयताला आलेल्यांना इथे देतात. बाईंनी तो आमच्या वंदनेत बांधतात तो परित्राणाचा धागा समजून मनगटाला बांधला. "आपला पांढरा राहते, याईचा लाल," एवढाच फरक त्यांच्या मनात आला. पुढ्यात फुलांमध्ये एका तरुण बाईचा फोटो होता. कुणी दानशूर असेल. भिक्खूंना त्यांनी पंचांग प्रणाम केला, पठण संपल्यावर खणखणीत आवाजात "साधु, साधु, साधु" म्हटलं, आणि टेबलाटेबलावर जाऊन खीर वाढायला लागल्या. हसून, आग्रह करून. "घ्या बापा, घ्या, जयंतीची आहे." ती माणसं उठून दोन्ही हातांनी पेले घेत होती. कुणी नाही म्हटलं नाही. हेच तर झालं ना! एखाद्यानं नाही म्हटलं असतं तर बाई थबकल्या असत्या.

मग मैत्रिणीची वाटी राहिली. बाहीला बिल्ला लावलेली एक मध्यमवयीन बाई दिसली, तिला हातवारे करून विचारलं: आखूड केस, दुखरा गुडघा, कुठे आहे ती? हे तिच्यासाठी. त्या बाईचे डोळे सुजलेले होते, पण तेही बाईंना जाग्रणाचे वाटले. तिनं वाटीकडे पाहिलं, बाईंचा हात धरला आणि फोटोमागच्या पडद्याआड घेऊन गेली.

आत शवपेटी होती. काचेतून म्हातारी दिसत होती, केस नीट विंचरलेले. फोटो तिचाच होता, तरुणपणचा.

बाईंच्या हातून वाटी तिथेच कडेला ठेवली गेली, की त्या बाईनं घेतली, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. पातेलं, डाव, झाकण सगळं सोडून त्या जिन्यानं वर आल्या. एकतानं दार उघडलं तर सासू दारात उभी, मनगटाला लाल दोरा.

"आई! काय झालं?"

"ती मेली अन् मी खीर वाढून राहिली होती वो."

एकता चांगली मुलगी आहे, पण घाबरट. तिनं कपाळाला हात लावला. "अहो, मला एकदा विचारायचं तरी! सगळा ब्लॉक जमला असेल तिथे." रत्नदीप आला, त्यानं सगळं ऐकलं. "मी खाली जाऊन सॉरी म्हणून येतो," म्हणाला. गेला नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून सगळं घर मागच्या जिन्यानं ये-जा करू लागलं. इंजिनियर माणूस, लॅपटॉप खांद्याला अडकवून, कचऱ्याच्या खोलीशेजारच्या जिन्यानं पळतोय! मला हसू आलं आणि राग आला.

"आई, कुणी विचारलं तर मी काय सांगू?" असं तो एकदा माझ्यासमोर म्हणाला.

"सांग, माय येडी आहे म्हणून."

तो नाही म्हणाला नाही, हे बाईंनीही पाहिलं आणि मीही.

नात जान्हवी तेवढी सरळ होती. "आज्जी, दे एट इट व्हॉट! ओके लाह!" तिचं म्हणणं, लोकांनी खाल्ली ना खीर, मग झालं. पण बाईंच्या लेखी खाल्ली हेच वाईट होतं. "त्याईच्या घरात मयत, अन् मी आग्रह करून खाऊ घातलं. अन् हसून राहिली होती ताई मी. दात दिसत होते माझे."

त्या खाली उतरेनात. फिरणं बंद, बाक बंद. जून संपता संपता त्यांचा परतीचा दिवस होता. तोवर असंच तोंड लपवून राहायचं आणि तसंच विमानात बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मयताचा मांडव निघाला आणि पातेलं मात्र राहिलं. कुणीतरी लख्ख घासून, आत डाव, वर झाकण, असं ते बाकावर आणून ठेवलं होतं. नेमकं म्हातारीच्या जागेवर. इथे कुणी उचलत नाही. झाडणारा बांगलादेशी कामगार सुद्धा त्याच्या भोवतीनं पुसून जाई. मी रोज फिरायला जाताना ते बघायची. रोज वर जाऊन सांगायची, "कमलाबाई, पातेलं चमकतंय खाली. चला, घेऊन येऊ." "राहू द्या." रत्नदीप म्हणाला, "नवीन घेऊ गं आई." त्यावर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो ऑफिसला निघून गेला. पण त्यालाही त्यांनी आणू दिलं नाही. एकतालाही नाही. माझी चूक, मीच आणीन, आणि माझ्यानं होत नाही, असला तो पेच.

त्याच सुमारास जान्हवीला शाळेत प्रकल्प मिळाला: शंभर वर्षांपूर्वीच्या शहरातलं रोजचं जगणं. तिनं न्यूयॉर्क घेतलं आणि मी इतिहासवाली म्हणून मला पकडलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं जुन्या फोटोंचे छापील कागद पसरले. बाई समोर लसूण सोलत होत्या. एका फोटोत दोन उंच इमारतींमध्ये दोरच दोर, त्यांवर चादरी, लंगोट, सदरे.

बाई वाकून म्हणाल्या, "हे तर आपल्यासारखंच. फक्त काठ्या नाहीत."

मी जान्हवीला सांगत होते. बर्फवाला गाडी घेऊन यायचा, कोळसा डोक्यावरून वर न्यायचा, स्वयंपाकघरातच भाडेकरू झोपायचा, नळ आणि संडास मजल्याला मिळून. एका दारात इटलीची बाई, दुसऱ्यात पोलंडची, तिसऱ्यात आयर्लंडची. पायऱ्यांवर सगळ्या एकत्र वाटाणे सोलत बसायच्या आणि एकीची भाषा दुसरीला येत नव्हती.

"मग बोलायच्या कशा?" बाईंनी विचारलं.

"हातवारे करायच्या."

"मग चुकत असतील."

"चुकत असतीलच की."

"चुकल्यावर काय करायच्या?"

हे मला जन्मात कुठल्या विद्यार्थ्यानं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काय करणार! नळ एकच. दुसऱ्या दिवशी घागर घेऊन तिथेच यावं लागायचं."

बाईंनी लसणाची पाकळी बोटांत तशीच धरली. "इथं घराघरात नळ आहे ताई," त्या म्हणाल्या. "तेच वाईट झालं."

जान्हवीनं ते वाक्य इंग्रजीत लिहून घेतलं. मी खोडायला लावलं नाही.

त्यानंतर एका सकाळी फिरताना पाहिलं तर पातेल्यावर पिवळा कागद चिकटवलेला. बेवारस सामान, हलवा, नाहीतर उचलून नेलं जाईल. असले कागद इथे सायकलींवर, कुंड्यांवर नेहमी लागतात. पण हा नेमका टोचलेल्या नावावर बसला होता. मी तिथूनच फोन लावला.

"कमलाबाई, शिवदासरावांच्या नावावर नोटीस चिकटवलीय. बेवारस म्हणून. आता बघा तुमचं तुम्ही."

हे मी मुद्दाम म्हटलं. बाई खाली आल्या, घरातल्या स्लिपरा, पदर खोचलेला, समोरच्या लिफ्टनं. इकडेतिकडे न बघता बाकापाशी गेल्या आणि नखानं कागद खरवडायला लागल्या. "बेवारस म्हणे! बायको जिवंत आहे त्याची." कागद निघेना. बाई थुंकी लावून खरवडतायत, मी पाणी आणायचं म्हणतेय, एवढ्यात पाठीमागून कुणीतरी "आंटी," म्हणालं.

पडद्याआड नेणारी तीच बाई, म्हातारीची लेक. बाजारातून येत होती, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, बाहीला अजून तो चौकोन. बाईंनी पदर तोंडावर ओढला. साठीतली बाई, नव्या सुनेसारखी! पळून जाणार होत्या, पण पातेलं दोन्ही हातांत आणि गुडघा तसला.

"ताई, तिले म्हणा, माझ्याकडून पाप झालं. मले ठाऊक नव्हतं. मी हसत होती, ते मुद्दाम नव्हतं."

मी सांगितलं. जयंतीचंही सांगितलं, सुजातेच्या खिरीचंही. ती ऐकत राहिली. मग पिशव्या बाकावर ठेवून इथल्या इंग्रजीत भराभर बोलली. तिच्या आईला साखरेचा आजार होता, फार जुना. गोड वर्ज्य. ही आंटी रोज द्यायची ते आई रुमालात बांधून वर आणायची आणि लेकीला द्यायची. लेक बसमध्ये खायची. "लुक लाह, सो फॅट आलरेडी," म्हणून तिनं स्वतःच्या कमरेला चिमटा काढून दाखवला. त्या दिवशी खीर घेऊन आलेली बाई कोण, हे तिला पहिल्या घासालाच कळलं होतं, वेलचीवरून. आणि ती वाटी? वाटी त्यांनी फोटोपुढे ठेवली होती. "आता खाऊ दे," ती म्हणाली, "आता साखर वाढायची भीती नाही." हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

मी हे मराठीत सांगितलं. मला वाटलं, झालं, सुटली बाई. कशाचं काय! कमलाबाईंचा चेहरा अजूनच उतरला. त्या खाली बसल्या, पातेलं मांडीवर.

"एकबी नाही खाल्ला तिनं?"

"अहो, खाता येत नव्हतं. पण घेत होती ना."

"मी रोज विचारायची, गोड झाला का? अन् ती मान हलवायची." त्या झाकणावर बोट फिरवत राहिल्या. "मले तिचं काहीच ठाऊक नव्हतं ताई. साखर नाही, दवाखाना नाही. फोटो होता समोर तर तोंड नाही ओळखलं. हे खिरीचं तर एका दिवसाचं झालं. मी रोजच आपलं वाढून राहिली होती, समोर कोण आहे ते न पाहता." आणि मग, खाली मान घालूनच, "नाव काय तिचं? विचारा तरी."

गोह स्यू हिआंग. लेकीनं सांगितलं, बाईंनी म्हटलं, चुकलं. लेकीनं पुन्हा सांगितलं. मी देवनागरीत कागदावर लिहून दिलं. बाई ओठ हलवत वाचत राहिल्या, शाळेतल्या पोरीसारख्या. लेक गेली. जाताना तिनं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला, पण बाईंनी वर पाहिलं नाही.

बाक परत मिळाला. जायच्या दिवसापर्यंत बाई रोज खाली येऊन बसल्या, आपल्या बाजूला, दुसरी बाजू मोकळी ठेवून. पण डबी आणली नाही. पोरं आली, म्हातारे आले, मी आले, कुणाच्या हातात काही ठेवलं नाही. हात मांडीत घट्ट धरलेले. मला ते बघवेना, मी फिरायचा रस्ता बदलला. रत्नदीप एका संध्याकाळी ऑफिसातून परत येताना समोरूनच आला आणि आईशेजारी काही वेळ उभा राहिला. तेवढं त्यानं केलं.

पुढच्या वर्षी वैशाखात मी नागपूरला होते, तिथून अकोल्याला गेले. बाईंच्या वस्तीतल्या विहारात जयंतीची गडबड होती. मागच्या पडवीत चुली पेटल्या होत्या. कोपऱ्यात एक नवंकोरं पितळी पातेलं, दोघांनी उचलावं असं, आणि कडेला टोचलेलं: गोह स्यू हिआंग, बेडोक, यांच्या स्मरणार्थ. आपल्याकडे खाली देणाऱ्याचं नाव असतंच, त्याशिवाय भांडं देतं कोण! इथे खाली नुसतं पितळ.

"तुमचं नाव घातलं नाही?"

"काय म्हणून घालू?" बाई म्हणाल्या. "तुम्ही वाचा बरं मोठ्यानं. तिची पोर म्हणत होती तसंच येते ना?"

मी वाचलं. पोळ्या लाटणाऱ्या एकीनं विचारलं, "कोण ही बाई, कमलामावशी? काई सांगतच नाही तुम्ही."

"होती एक," म्हणून बाईंनी चुलीत लाकूड सारलं. विहारात त्यांनी ती हकीकत कुणालाच सांगितलेली नव्हती.

खीर मात्र भाड्यानं आणलेल्या, पोचे पडलेल्या पातेल्यात शिजत होती आणि ते उतू चाललं होतं. बाया कुरकुरत होत्या. विहाराचं एवढं मोठं भांडं असून त्यात एरवी नुसती खिचडी, ही कुठली रीत? मीही म्हटलं, "कमलाबाई, काढा की ते पातेलं. जयंतीला नाही तर मग कधी?"

त्या डाव घेऊन मधे उभ्या राहिल्या.

"त्यात खीर नाही करायची. साखर चालत नव्हती तिले."